फोन आजोबांचा, हात आठवीतल्या पोराचा

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूबवर स्वतःचं खातं ठेवता येत नाही. ही बातमी आमच्याकडे पोचली तेव्हा दोन दिवस माझ्या दुकानाच्या बाकावर दुसरा विषय नव्हता. दुकान मोबाईल दुरुस्तीचं आणि रिचार्जचं, देवगड तालुक्यात, एसटी स्टँडच्या बाजूला. बाकावर बसणारे सगळे आईबाप नाहीतर आजे. "आपल्याकडे कधी करतले?" हा एकच प्रश्न, आणि विचारणाऱ्याचा सूर असा, की सरकारने एकदा बंदी घातली की घरात कोणाला तोंड उघडावं लागणार नाही.

त्याच आठवड्यात एक काकी आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन तिने काउंटरवर ठेवला. पिशवीला सुकटाचा वास, काचेला कोपऱ्यात तडा, त्यावर सेलोटेप. फोन सासऱ्यांचा, वापरणारा आठवीतला झील. त्या फोनवरून ओळखीच्या सगळ्यांना आपोआप एक लग्नपत्रिका जात होती आणि सासऱ्यांच्या खात्यातले ११ हजार रुपये गेले होते. मी आधी गूगलचं खातं उघडून बघितलं. जन्मतारीख: १ जानेवारी १९९०.

ती तारीख मीच टाकलेली. चार वर्षांपूर्वी, गणपतीच्या गर्दीत. समोर गिऱ्हाइकं उभी असतात, जन्मतारीख विचारली की आजोबा सांगतात, "शिमग्याच्या आधी दोन दिवस." मग मी आपलं १९९० फिरवून मोकळा होतो. अशी किती खाती उघडून दिली असतील ते मोजत नाही. पण पोरांच्या फोनबद्दल जे काही बोलायचं ते त्या तारखेपासूनच सुरू करावं लागतं.

## एका तारखेने काय बिघडतं?

दहा वर्षांचं पोर तंबाखूची पुडी मागायला आलं तर टपरीवाला निदान विचारतो, कोणासाठी? तोंड बघून त्याला वय कळतं. फोनच्या आतल्या दुकानांना बहुतेक वेळा तोंड दिसत नाही. खातं उघडताना टाकलेली तारीख हेच त्यांच्या लेखी तुमचं वय, आणि मुलांसाठी म्हणून जे काही कुंपण आहे ते त्या तारखेला टेकून उभं आहे.

इन्स्टाग्रामचं बघा. फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही अठराच्या आतल्यांना 'टीन अकाउंट' मिळू लागलं. ते खातं पहिल्यापासून खासगी असतं. अनोळखी माणसाला त्यावर मेसेज टाकता येत नाही. रात्री १० ते सकाळी ७ सूचना वाजत नाहीत आणि दिवसाचा तास भरला की 'आता पुरे' अशी आठवण येते. सोळाच्या आतल्या मुलाला यातलं काही सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. गूगलचं 'फॅमिली लिंक' नावाचं फुकट ॲप आहे. मुलाच्या फोनवर कोणतं ॲप येतंय, किती वेळ चाललंय, हे त्यातून आईबापांना स्वतःच्या फोनवर दिसतं आणि परवानगीही तिथूनच देता येते. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात अठराच्या आतला प्रत्येक जण मूल मानला आहे, त्याची माहिती वापरायची तर पालकाची खातरजमा केलेली संमती लागेल आणि त्याच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई असेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्ष दिलंय.

आता आमच्या १९९० च्या पोराकडे या. तो कंपनीच्या लेखी पस्तीस वर्षांचा बाप्या. त्याला पस्तिशीच्या माणसाच्या जाहिराती, पस्तिशीच्या माणसाचे मेसेज, आणि रात्री दोनला वाजणाऱ्या सूचना. कुंपण आहे, पण ते शेजारच्या वाडीला घातलेलं.

ऑस्ट्रेलियाची बंदीसुद्धा शेवटी वय ओळखण्यावरच येऊन अडते. तिथे दंड मुलाला किंवा आईबापाला नाही, कंपनीला आहे, जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. उद्या आपल्याकडे तसा कायदा झाला आणि दुकानदार १९९० टाकत राहिले, तर बंदी कोणावर बसणार?

## मासेवाली आणि रील

आमच्या वाडीत सकाळी टोपली घेऊन मासेवाली येते. तिला वही लागत नाही. कोणाकडे सोमवार पाळतात, कुठे बांगडा पुरे, कुठे मुंबईचे चाकरमानी आले की सुरमई लागते, सगळं डोक्यात. तुमच्या दारात टोपली उतरली की तुम्ही जे घ्याल तेच वर आलेलं असतं.

रील दाखवणारा अल्गोरिदम हेच करतो. अल्गोरिदम म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांनी हिशेब करून निर्णय घ्यायची रीत, दुसरं काही नाही. तुम्ही कुठल्या रीलवर किती सेकंद रेंगाळलात, कुठली परत बघितलीत, कुठली झटकन सरकवलीत, यावरून तो पुढची काढतो. लाइक दाबायचीही गरज नाही. थांबलात की कळलं.

पण मासेवालीची टोपली नऊ-साडेनऊला रिकामी होते आणि ती घरी जाते. फोनची टोपली रिकामी होत नाही. पूर्वी पान संपलं की 'पुढे' असं दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं पान बनवलं आणि ती उसंत गेली. आपण हे केलं याचा पस्तावा त्याने स्वतःच नंतर बोलून दाखवलाय. आणि मासेवाली तुमचं तोंड बघते. पोरगी पडवीत कोपऱ्यात बसलेली दिसली तर, "काय गो, बरा नाय?" असं विचारून पुढे जाते. अल्गोरिदमला एवढंच कळतं की ही मुलगी 'आठ दिवसांत बारीक व्हा' या व्हिडिओवर थांबली. तो तसलेच आणखी दहा देतो. त्याचा तिच्यावर राग नाही की लोभ नाही.

मग पोर उठत का नाही? खडकावर गरवायला बसलेल्या माणसाला विचारा. दर वेळी गरीला मासा लागला असता तर तो अर्ध्या तासात कंटाळून उठला असता. कधीच लागला नसता तरी उठला असता. तो बसून राहतो, कारण कधी लागेल ते सांगता येत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने हेच कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं: दाणा अनियमित मिळू लागला की कबुतर टोचत राहतं. चार फालतू रील, एक भन्नाट, परत तीन फालतू. त्यात आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का व्हायला पंचविशी उजाडते. तेराव्या वर्षी होडीला इंजिन जोरदार बसलेलं असतं, सुकाणूचं काम अजून चालू असतं. "तुला अक्कल नाही का?" या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर 'येते आहे' असं आहे.

## रापण आणि गरी

धोके दोन जातींचे. एकाला मी रापण म्हणतो.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना बघितली असेल. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि माणसं दोर ओढत येतात. आतल्या माशाला शेवटपर्यंत पाणीच दिसतं. कोणा एका माशासाठी रापण लावत नाहीत, जे येईल ते घेतात. फुकटचं गेम ॲप, 'तुमचा चेहरा म्हातारपणी कसा दिसेल' छापाचं ॲप, नुसतं टॉर्चचं असूनही कॉन्टॅक्टची परवानगी मागणारं ॲप, ही सगळी रापण. पोराला एकच प्रश्न विचारायला शिकवा: टॉर्चला माझ्या मावशीचा नंबर कशाला हवा? एवढं पुरे. या जातीचा धोका मोठा असला तरी लगेच चावत नाही.

दुसरी जात गरीची. ती एकाच माशासाठी टाकलेली असते, आणि आमिष त्याच्या आवडीचं असतं.

गेम खेळताना कोणी दोस्ती करतं. चांगलं खेळतोस म्हणतं. गेममधले हिरे भेट देतं. मग म्हणतं, इथे नको, व्हॉट्सॲपवर बोलू. आठवडाभर, महिनाभर फक्त गोड बोलणं. आईने ओरडलेलं, परीक्षेत कमी पडलेलं, सगळं ऐकून घेतं. घरात जे कोणी ऐकत नाही ते ऐकायला एक माणूस मिळालेला असतो. यालाच ग्रूमिंग म्हणतात, म्हणजे मुलाचा विश्वास धीराने कमवून त्याला जाळ्यात ओढणं. पुढे एक साधा फोटो, मग दुसरा, जो कोणाला दाखवता येणार नाही. तो पाठवला की त्या दिवसापासून सूर बदलतो: पैसे दे, नाहीतर तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो.

यात मुलगे सुटतात असं समजू नका. पैशांसाठीच्या धमक्यांत मुलगेही अडकतात, आणि गप्प बसतात. आमच्याकडे मुलीला चार गोष्टी निदान दबक्या आवाजात तरी सांगतात. मुलग्याला कोणी काही सांगत नाही.

मुलाला ओळखायची खूण सांगायची ती ही: समोरचा माणूस चांगला की वाईट ते तुला कळणार नाही, मलाही कळलं नसतं. पण तो तीन गोष्टी मागतो का ते बघ. 'घरी सांगू नकोस' म्हणतो का, गेममधून दुसरीकडे बोलायला बोलावतो का, फोटो मागतो का. तीनपैकी एक झालं की माझ्याकडे ये.

## लग्नपत्रिका इन्स्टॉल करावी लागत नाही

काकीच्या फोनवर आलेली पत्रिका फोटो नव्हती, पीडीएफही नव्हती. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' होतं. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाइल. पत्रिका समजून पोराने दाबलं, फोनने दोनदा विचारलं, पोराने दोनदा 'हो' म्हटलं, आणि एक चोर ॲप आत येऊन बसलं. ते येणारे एसएमएस वाचत होतं, म्हणजे बँकेचा ओटीपी आजोबांच्या आधी त्याला कळत होता. वर स्वतःच्याच प्रती फोनमधल्या सगळ्या नंबरांना पाठवत होतं. पत्रिका ओळखीच्या नंबरवरून आली होती, कारण त्या माणसाचाही फोन असाच फसलेला. लग्नसराईत दिवसाला चार पत्रिका येतात, कोण बघतो बारकाईने?

मी दुकानात आता प्रत्येकाला हे वाक्य सांगतो: पत्रिका बघायची असते, इन्स्टॉल करायची नसते. आणि दुसरं, यूपीआयचं: पैसे येताना पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत.

हे पोराला शिकवायचं ते नुसतं पोरासाठी नाही. आमच्याकडे बाप ट्रॉलरवर, आईला इंग्रजी अक्षरांची भीती, आजोबांना दिसत नाही. मग रेशनचं, विजेचं बिल, दुकानातलं पेमेंट करतं कोण? आठवीतलं पोर. आजोबांचा पिन त्यालाच पाठ. घरातला आयटी विभाग म्हणजे ते, आणि त्याला शिकवलेलं कोणी नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो ५७ टक्क्यांनी वापरलेला, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. पण सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी आपलं खातं खासगी कसं करायचं हे ठाऊक असलेले जेमतेम ५५ टक्के.

एकच फोन असेल तर माझा व्यवहारी सल्ला: पेन्शनचं खातं यूपीआयला जोडूच नका. दुसरं एक छोटं खातं जोडा, त्यात बाजारापुरते हजार-दोन हजार ठेवा.

## शिकवायचं कसं? विहिरीत शिकवतो तसं

पोराला पोहायला शिकवताना आपण एकदम समुद्रात ढकलत नाही आणि 'पाण्याकडे बघू नकोस' असंही म्हणत नाही. विहिरीत उतरवतो. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक काठावरच्या काकाच्या हातात. पुढच्या मे महिन्यात डबा सुटतो, दोर राहतो. मग खाडी. समुद्र त्यानंतर, उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी हे तिथीवरून कळायला लागल्यावर.

फोनचा डबा म्हणजे खऱ्या जन्मतारखेचं वेगळं खातं. फोन घरातला एकच असला तरी मुलाचं खातं वेगळं काढता येतं. काही अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये 'मल्टिपल यूजर्स' म्हणून सोय असते, असेल तर ती चालू करून द्या. अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवायची परवानगी बंद. व्हॉट्सॲपवर 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' याच्यासमोर 'माझे कॉन्टॅक्ट्स', आणि दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन. अर्ध्या तासाचं काम. माझ्याकडे आलात तर मी फुकट करून देतो, १९९० चं प्रायश्चित्त म्हणून.

दोर म्हणजे तुम्ही. पहिले काही महिने फोन माजघरात, सगळ्यांच्या येण्याजाण्यात वापरायचा. रात्री फोन चार्जिंगला बाहेर, खोलीत नाही. आणि हा नियम आईबापालाही लागू. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायची रीत पाडली, त्यात मोठ्यांनीही फोन ठेवले म्हणून पोरांनी ठेवले. बाप जेवताना बांगड्याचा काटा एका हाताने काढतो आणि दुसऱ्या हाताने रील सरकवतो, त्या घरात पोराला काय सांगणार?

नियम बसून ठरवायला आमच्याकडे एक बरी वेळ असते. जून-जुलैमध्ये मासेमारीची बंदी असते, होड्या शाकारलेल्या, बाप घरी.

## "पण माझं पोर तसलं नाही"

नसेलच. गरीला वाईट मासा लागतो असं कुठे आहे? भुकेला लागतो.

## "फोनच दिला नाही तर?"

अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत स्वतःचा फोन नको, याला माझी पूर्ण संमती. विक्रेता असून सांगतो. पण नंतर तुम्ही दिला नाही तरी मित्राचा आहे, मामेभावाचा आहे, आणि शाळेचा अभ्यास, क्लासची सुट्टी, एसटी पासचा फॉर्म, सगळं व्हॉट्सॲपवर येतं. चोरून बघितलेल्या फोनवर काही झालं तर पोर आधी चोरीचं लपवतं, मग झालेलं लपवतं.

## "त्याचे मेसेज वाचायचे का?"

बारा-तेराव्या वर्षी सांगून बघा. 'मी अधूनमधून बघणार आहे' असं तोंडावर. चोरून नको. कमरेचा दोर पोराला दिसत असतो, म्हणून तर ते हातपाय मारायचं धाडस करतं. पंधराव्या वर्षानंतर ही तपासणी कमी करत न्यायची. लपून वाचलेला एखादा मेसेज हाती लागला की तो विषय काढायचा कसा, हीच अडचण होते, आणि काढलात की पोर दुसऱ्याच दिवशी दुसरं खातं उघडतं.

## "आम्हालाच काही कळत नाही, आम्ही काय शिकवणार?"

यंत्र पोरालाच जास्त कळतं, ते त्याच्याकडूनच शिका. माणसं तुम्हाला जास्त कळतात. बाजारात जास्त गोड बोलणारा काय विकतोय हे तुम्ही तीस वर्षं ओळखत आलात. फोनमध्ये तीच माणसं बसलेली आहेत.

## आणि घडलंच तर

पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर, त्याच क्षणी. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात मिनिटांत फिरतात. तक्रार लवकर पोचली तर वाटेतल्या एखाद्या बँकेत ते गोठवता येतात. चार दिवसांनी ते कोणाच्या तरी हातात रोख असतात.

फोटोवरून धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की पुन्हा मागतात. गप्पा पुसायच्या नाहीत, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, मग ब्लॉक. मुलांसाठीचा १०९८ आणि पोलिसांचा ११२. अमेरिकेतल्या एका संस्थेची 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे, ती अठराच्या आतल्यांसाठी. फोटो त्यांना पाठवावा लागत नाही. अंगठ्याचा ठसा घ्यावा तसा फोटोचा एक आकडी ठसा फोनवरच तयार होतो, तो सेवेत सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो आणि तसा फोटो त्यांच्याकडे दिसला की काढता येतो. वर्गातल्या ज्या पोरांनी मजा म्हणून असा फोटो पुढे ढकलला, त्यांनाही पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ ब कलम लागू शकतं, हेही सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

पण हे सगळं कधी, तर पोर येऊन सांगेल तेव्हा.

काकीच्या झिलाला मी आत बोलावून विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाला, दहा मिनिटांत. मित्राचा मेसेज आला होता, 'पत्रिका कोणाची पाठवलीस?' म्हणून. मग चार दिवस का बोलला नाहीस? तो काउंटरवरच्या जुन्या बॅटऱ्या एका रांगेत लावत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "फोन काढून घेतीत." काकीच्या तोंडावरून कळलं, तो खरंच बोलत होता. मागच्या वर्षी पाण्यात पडला तेव्हा दोन महिने काढून घेतला होता. पोराने हिशेब बरोबर केला होता: सांगितलं तर फोन जातो. ११ हजार त्या हिशेबात नव्हतेच.

त्या दिवशी फोन पुसून कोरा केला. काकीने माझ्यासमोर त्याला सांगितलं, "असला काय झाला तर धावत ये. फोन घेवचंय नाय." बोलताना तिला जड गेलं, पण बोलली. मग नवीन खातं काढलं. या वेळी जन्मतारीख पोराने स्वतः टाकली, वर्षासकट. फॅमिली लिंकला पालक म्हणून बापाचं खातं जोडलं, कारण घरात दुसरा स्मार्टफोन त्याचाच.

पहिलं ॲप हवं होतं क्रिकेटच्या गेमचं. पोराने दाबलं, स्क्रीनवर आलं: पालकांच्या परवानगीची वाट बघत आहे. बाप ट्रॉलरवर, तिथे रेंज नाही. पोर संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होतं. मी एसटीच्या गर्दीला रिचार्ज मारत होतो, आणि दर दहा मिनिटांनी ते विचारत होतं, "काका, होडी लागली असतली काय हो?"